परदेशची मोटारसायकल आणि घरचा हिशोब

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, पेढ्यांचा इतिहास आणि करांचे नवे नियम यांवर जाणकारांचे लेख येत असतात. यंदा आम्ही जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी व्यापाराचा वाटणार नाही. परंतु आपल्या बेळगाव भागातील, निपाणी-चिकोडीकडील, तसेच गोव्यातील अनेक सभासद कुटुंबांची मुले आज मस्कत, दुबई, दोहा अशा ठिकाणी नोकरीस आहेत. ती परत येतात तेव्हा सोबत काय आणावे आणि काय तेथेच ठेवावे, हा प्रश्न घरोघर निघतो. त्यात मोटारसायकलीचा प्रश्न निघाला की घरातील वडीलधारी माणसेही गोंधळतात. तो प्रश्न आमच्याच घरी निघाला आणि त्याचा उलगडा करताना आम्हांस जे शिकावयास मिळाले, ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सन २०२३ मध्ये आमचे थोरले बंधू निवर्तले. त्यांचा मुलगा मस्कतला नोकरीस होता. आईजवळ राहावे आणि पेढीवर बसावे, या विचाराने त्याने नोकरी सोडली. येण्यापूर्वी त्याने आम्हांस फोन केला. घरातील इतर गोष्टी बोलून झाल्यावर जरा थांबून तो म्हणाला, "काका, एक विचारायचं होतं. माझी मोटारसायकल बरोबर आणता येईल का?"

आम्ही सहज म्हणालो, "आणता का येणार नाही? तुझी वस्तू, तुझ्या पैशाने घेतलेली."

त्यावर तो म्हणाला, "बाबा मागच्या वर्षी इथं आले होते, तेव्हा याच गाडीवर मागं बसून सगळं मस्कत बघितलं त्यांनी. इथं विकली तर निम्मे पैसे येतील. पण विकावीशी वाटत नाही."

अशा वेळी हिशोब बोलून दाखविणे कठीण असते. तरीही पेढीवर वाढलेल्या माणसाला हिशोब टाळता येत नाही. "दोन दिवस थांब, चौकशी करून सांगतो," असे म्हणून आम्ही फोन ठेवला आणि वही काढली.

भाव आणि पडता

आपल्या धंद्यात माल कोणत्या भावाने घेतला याला जेवढे महत्त्व, त्याहून अधिक महत्त्व तो दुकानात येऊन कितीला पडला याला असते. गूळ असो, कापड असो, मिरची असो. हमाली, तोलाई, वाहतूक, तूट आणि कर धरून जो आकडा येतो तो खरा पडता. हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु हौसेची वस्तू घेताना आपण हीच गोष्ट विसरतो. मोटारसायकल परदेशाहून आणणाऱ्याच्या मनात जहाजाचे भाडे तेवढे असते. वस्तुतः या सर्व व्यवहारात जहाजाचे भाडे ही सर्वांत लहान रकमांपैकी एक होय.

सामान आणि गाडी

पहिला गैरसमज असा की, जो माणूस दोन वर्षे परदेशी राहून कायमचा परत येतो त्याला घरसामानावर जी सूट मिळते, तीत गाडीही येते. आम्हांसही तसेच वाटत होते. सन १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमात 'बॅगेज' म्हणजे प्रवाशाचे सामान याची जी व्याख्या दिली आहे, तीतच असे म्हटले आहे की या शब्दात मोटार वाहनांचा समावेश होत नाही. म्हणजे शिवणयंत्र, भांडीकुंडी, कपाट हे सामान. मोटारसायकल मात्र सामान नव्हे, तर आयात केलेला माल. तिच्यासाठी व्यापाऱ्याप्रमाणेच 'बिल ऑफ एंट्री' भरावे लागते, आणि जकातही व्यापारी मालाप्रमाणेच द्यावी लागते.

दुसरा गैरसमज 'कार्ने' या कागदाविषयी आहे. परदेशी मोटार संघटनेकडे तारण ठेवून हा कागद घेतला की जकात न भरता गाडी आणता येते, हे खरे आहे. परंतु तो फिरावयास येणाऱ्या प्रवाशासाठी आहे. गाडी सहा महिन्यांत परत देशाबाहेर न्यावी लागते. न नेल्यास जकात भरणे भाग पडते आणि तारणही अडकते. कायमच्या परतणाऱ्यास या वाटेचा उपयोग नाही.

नवी कोणती आणि जुनी कोणती

आयात धोरणात गाड्यांचे दोन वर्ग आहेत आणि सारा हिशोब त्यावर अवलंबून आहे. नवी गाडी म्हणजे दिसावयास नवी असलेली गाडी नव्हे. जी परदेशात विकली, भाड्याने दिली किंवा वापरासाठी नोंदविली गेलेली नाही, तीच नवी. आमच्या पुतण्याने गाडी स्वतःच्या नावे मस्कतला नोंदविली होती आणि दोन वर्षे चालविली होती. म्हणून ती कितीही पुसूनपासून ठेवली असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती वापरलेलीच होती.

वापरलेल्या गाडीच्या अटी थोडक्यात अशा: ती तयार झाल्याच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. वेगमापक किलोमीटरमध्ये असावा. समोरच्या दिव्याचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस योग्य असावा. आयातीनंतर निदान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यास लायक असावी आणि तेवढी वर्षे तिच्या दुरुस्तीची सोय देशात मिळेल याची हमी असावी. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती योग्य असल्याचे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असावे. आणि शेवटची, आपल्या भागातील लोकांनी विशेष लक्षात घेण्याची अट अशी की, वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते.

बेळगावच्या माणसाला वाटते की मुरगाव बंदर चोर्ला घाटाच्या पलीकडेच आहे, तेथे उतरवून घेऊ. ते या बाबतीत चालत नाही. शिवाय ओमानमध्ये वाहने उजवीकडून चालतात. तेथल्या गाडीच्या दिव्याचा झोत त्या बाजूला वळविलेला असतो, म्हणून दिवाही बदलणे आले.

मूल्य कोण ठरवितो?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पुतण्याचा हिशोब साधा होता. तो म्हणाला, "काका, गाडी आज इथं दोन लाखांना जाईल. दोन लाखांवर काय ती जकात भरू." आपल्यापैकी कोणीही हेच म्हटले असते, कारण वस्तूची किंमत म्हणजे बाजारात तिला जो भाव येतो तो, असे आपण समजतो.

परंतु वापरलेल्या गाडीचे मूल्य ठरविताना सीमाशुल्क खाते आजचा बाजारभाव धरीत नाही. गाडी नवी असताना उत्पादकाची जी किंमत होती ती धरतात आणि तीतून ठराविक घट वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीस ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के, आणि पुढे २ टक्के. एकूण घट कितीही झाली तरी ७० टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे दोन वर्षांच्या गाडीस १६ अधिक १२ मिळून २८ टक्के घट मिळते. बाजारात गाडी निम्म्यावर आली असली तरी जकातीच्या वहीत ती शंभरातली बहात्तर असते. जकात केवळ गाडीवर बसते असेही नाही. गाडीच्या मूल्यात जहाजाचे भाडे आणि विमा मिळवून जी रक्कम होते, तीवर जकात बसते. विम्याचा कागद नसेल तर मूल्याच्या १.१२५ टक्के धरतात. भाड्याचा पुरावा नसेल तर २० टक्के. यास्तव भाड्याची पावती जपून ठेवणे म्हणजे पैसे वाचविणे होय.

या करांची रचना अशी की प्रत्येक कर आधीच्या करासह झालेल्या बेरजेवर बसतो. प्रथम मूळ जकात. मग गाडीचे मूल्य आणि जकात यांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. आणि २०२३ मध्ये ३५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलीवर त्याच बेरजेवर आणखी ३ टक्के भरपाई उपकर. वापरलेल्या मोटारसायकलीवर मूळ जकात त्या वेळी शंभर टक्के होती आणि एकात्मिक कर २८ टक्के. हिशोब सोपा व्हावा म्हणून गाडीची नवेपणीची किंमत चार लाख धरून आम्ही वहीत मांडणी केली, ती अशी:

नवेपणीची किंमत: रु. ४,००,०००
वजा घट २८ टक्के: रु. १,१२,०००
राहिलेले मूल्य: रु. २,८८,०००
जहाजभाडे: रु. ३०,०००
विमा १.१२५ टक्के: रु. ३,२४०
जकातीसाठी मूल्य: रु. ३,२१,२४०
मूळ जकात १०० टक्के: रु. ३,२१,२४०
दोहोंची बेरीज: रु. ६,४२,४८०
एकात्मिक कर २८ टक्के: रु. १,७९,८९४
भरपाई उपकर ३ टक्के: रु. १९,२७४
सरकारजमा एकूण: रु. ५,२०,४०८

मूळ जकातीच्या दहाव्या भागाइतका समाजकल्याण अधिभार जेथे लागू असेल तेथे तो निराळा. वरील मांडणीत आम्ही तो धरलेलाही नाही. आता पडता काढू. गाडी तेथे विकली असती तर जे दोन लाख आले असते ते सोडले, भाडे व विमा ३३,२४०, कर ५,२०,४०८. एकूण ७,५३,६४८ रुपये. दोन लाखांची गाडी मुंबईच्या गोदीत उभी राहीपर्यंत साडेसात लाखांवर गेली, आणि अजून ती बेळगावला आलेलीच नव्हती.

गोदीपासून घरापर्यंत

जकातीपलीकडील खर्च लहान लहान असतात, म्हणून ते आधी कोणी मोजत नाही. गाडीसाठी लाकडी पेटी करावी लागते. त्या लाकडावर उष्णता देऊन किंवा धुरी देऊन कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर पेटी अडते. टाकीतील पेट्रोल काढून टाकावे लागते, बॅटरीच्या तारा सोडवाव्या लागतात, कारण जहाजवाल्यांच्या दृष्टीने इंधनाची गाडी हा धोक्याचा माल होय. मग क्लिअरिंग एजंटाची दलाली, गोदीतील हाताळणी, तपासणीचा आकार.

सर्वांत जड खर्च दिरंगाईचा. जहाज बंदरास लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल व्हावे लागते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये आकार बसू शकतो. जकात वेळेत न भरल्यास दर साल दर शेकडा १५ प्रमाणे व्याज चालू होते. गोदीचे डेमरेज आणि कंटेनर अडकल्याचे जहाज कंपनीचे भाडे ही तर निराळीच खाती. माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडविला नाही, तर नोटीस देऊन तो विकून टाकण्याचा अधिकारही कायद्याने दिलेला आहे.

गाडी सुटली म्हणजे चाचणीचे प्रमाणपत्र, आणि मग आर.टी.ओ. देशात तयार झालेल्या मोटारसायकलीच्या नोंदणीस केंद्रीय नियमाप्रमाणे ३०० रुपये फी आहे. आयात केलेल्या मोटारसायकलीस ती २,५०० रुपये आहे आणि पुढे नूतनीकरणास एप्रिल २०२२ पासून १०,०००. याहून मोठी रक्कम आजीवन रस्ताकराची. तो राज्याराज्यांत निराळा असतो. सीमाभागातील माणूस कर्नाटकात नोंदवावी की महाराष्ट्रात, याचा नेहमीच विचार करीत असतो. परंतु आयात केलेल्या गाडीच्या बाबतीत हा कर जकातीसह झालेल्या किमतीवर मोजला जातो, म्हणजे करावर पुन्हा कर.

चाकणची गाडी

वहीचे पान आम्ही मोबाईलवर छायाचित्र काढून पुतण्यास पाठविले आणि सहज विचारले, "गाडी कोणत्या बनावटीची?" तो म्हणाला, "केटीएम, ३९० ड्यूक."

आम्हांस मोटारसायकलींतले फारसे कळत नाही, पण चौकशी केल्यावर जे समजले त्याने आम्ही चकितच झालो. ही गाडी पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होते आणि तेथून जगभर जाते. म्हणजे बेळगावहून पुण्याला जाताना ज्या महामार्गाने आपण जातो, त्याच्याच टोकापलीकडे तयार झालेली गाडी समुद्र ओलांडून मस्कतला गेली, आमच्या पुतण्याने घेतली, आणि आता ती घरी आणावयाची तर परदेशी माल म्हणून शंभर टक्के जकात!

"आपल्याच देशातली वस्तू परत आणली तरी जकात?" असा प्रश्न त्याने केला. तो वाजवी होता. परंतु कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. सीमाशुल्क अधिनियमाच्या विसाव्या कलमाप्रमाणे निर्यात होऊन पुन्हा आलेल्या मालास तशाच प्रकारच्या आयात मालाची जकात व अटी लागू होतात. निर्यात केल्यापासून तीन वर्षांत तोच माल परत आल्यास काही सवलत आहे. परंतु तीत निर्यातीच्या वेळी मिळालेले लाभ परत करावे लागतात आणि हाच तो माल हे निर्यातीच्या कागदांवरून सिद्ध करावे लागते. ते कागद कारखान्याच्या दप्तरात असतात. मस्कतच्या दुकानात गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाजवळ नसतात.

हीच गाडी त्या वर्षी आपल्याकडे नवी कोरी, कर धरण्यापूर्वीच्या नव्हे तर दुकानातील किमतीने, तीन लाखांच्या थोडी वर मिळत होती.

एका स्नेह्यांचा अनुभव

ज्यांनी आधी गाडी पाठविली आणि मग हिशोब केला, अशा एका स्नेह्यांची हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. त्यांच्या चिरंजीवांनी आखाती देशातून मोठी मोटारसायकल मुंबईस रवाना केली. गाडी घेऊन त्यांना अडीच वर्षे झाली होती, म्हणून तीन वर्षांची अट पाळली असे ते समजत होते. परंतु अट विक्रीच्या तारखेपासून नाही, तयार झाल्याच्या तारखेपासून आहे. दुकानदाराने त्यांना जुन्या साठ्यातील गाडी दिली होती. सांगाड्यावरील क्रमांकावरून ती तयार होऊन तीन वर्षे उलटून गेल्याचे निघाले.

त्यानंतर पत्रव्यवहार, सुनावणी, दंड भरून सोडवावी की परत पाठवावी याचा खल, आणि दरम्यान रोजचे डेमरेज. एजंट प्रत्येक आठवड्यास नवा आकडा सांगे. आमचे स्नेही मुंबईस चार खेपा घालून आले. अखेर गाडीहून डेमरेज जड झाले तेव्हा त्यांनी तिची आशा सोडली. पेटी गोदीतच राहिली. ती उघडून पाहण्याचेही त्यांच्या नशिबी आले नाही. "मुलाचे चार वर्षांचे शिलकीचे पैसे होते हो," एवढेच ते आम्हांस म्हणाले. दोष कोणाचा, हे आम्ही येथे ठरवीत नाही. एक तारीख आधी पाहिली असती तर हे टळले असते, एवढेच आपण घ्यावयाचे.

निम्म्या किमतीचे बिल

या वाटेवर एक मोहही उभा असतो. आमच्या पुतण्यास तेथील एका माणसाने सांगितले की, गाडीचे बिल निम्म्या किमतीचे करून देतो, कागदावर साल थोडे फिरवून देतो, सर्वजण असेच करतात. पुतण्याने ते आम्हांस जसेच्या तसे सांगितले, ही त्याची सचोटी.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. वापरलेल्या गाडीचे मूल्य उत्पादकाच्या किमतीवरून काढतात. खोट्या बिलाचा तेथे उपयोग कमी आणि धोका फार. मूल्य खोटे सांगितल्यास माल जप्त होतो, जकातीइतका दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून लपविलेली जकात पाच वर्षांपर्यंत मागता येते. परंतु आपल्या घरांत याहून वेगळेही एक माप आहे. अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' मोजलेला आहे, आणि खोटे तोल-माप व बनावट माल यांच्या पंगतीतच तो बसविलेला आहे. दुकानात तराजू सरळ धरणाऱ्याने गोदीत तो वाकडा धरू नये. पुतण्यास हे समजावून सांगावे लागले नाही. तो म्हणाला, "बाबांची आठवण म्हणून आणायची आणि असल्या कागदावर आणायची, हे नको."

हा कर एवढा जड का?

जकात म्हणजे केवळ जुलूम, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे इतिहास आहे. सन १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड कंपनीने बुलेट जोडण्यास प्रारंभ केला. १९६१ मध्ये म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. परदेशी मालास दार उघडे असते तर हे कारखाने उभे राहिले असते किंवा नाही, याची शंकाच आहे. आज चाकणची गाडी जगात विकली जाते, यात त्या संरक्षणाचाही वाटा मानावा लागेल.

हे आपल्याच देशात घडले असेही नाही. खुल्या व्यापाराचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकेने सन १९८३ मध्ये ७०० सीसीहून मोठ्या आयात मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून एकदम ४९.४ टक्क्यांवर नेली. जपानी मालापुढे हार्ले-डेव्हिडसन कंपनी तग धरीत नव्हती म्हणून. पाच वर्षांची ती मुदत होती. कंपनी सावरली आणि १९८७ मध्ये तिने स्वतःच मुदतीआधी हे संरक्षण काढून घ्यावे असे कळविले.

सन २००७ मधील गोष्ट तर आपल्या कोकणच्या बागायतदारांशी निगडित आहे. भारताने हार्लेच्या मोठ्या मोटारसायकलींना धुराच्या नियमांत वाट करून दिली आणि अमेरिकेने अठरा वर्षांनी भारतीय आंब्यास दार उघडले. लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून आंबा तिकडे रवाना झाला. व्यापारी करारात आंबा आणि मोटारसायकल एका पारड्यात बसतात, हे त्या वेळी दिसून आले.

अलीकडचे दर

नव्या, कोठेही न नोंदविलेल्या गाडीचे दर मात्र बदलत आले आहेत. फेब्रुवारी २०१८ पूर्वी तयार गाडीवर ८०० सीसीच्या खाली ६० टक्के आणि वर ७५ टक्के जकात होती. ती सरसकट ५० टक्के झाली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंत ४० टक्के आणि त्याहून मोठ्या गाडीस ३० टक्के झाली. हे वाचून पुष्कळांना आनंद झाला. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीहून मोठ्या मोटारसायकलीवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला; लहान गाडीस तो १८ टक्के झाला आणि मोठ्या गाडीवरील ३ टक्क्यांचा उपकर गेला.

आता वही पाहा. पूर्वी शंभर रुपये मूल्याच्या नव्या मोठ्या गाडीवर ५० जकात, मग दीडशेवर ३१ टक्के म्हणजे साडेसेहेचाळीस, एकूण १९६.५०. आता ४० जकात, मग १४० वर ४० टक्के म्हणजे ५६, एकूण १९६. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत गेले. शंभर रुपयांमागे आठ आणे वाचले. खरा लाभ झाला तो ३५० सीसीपर्यंतच्या गाडीस, जी १६५ च्या आसपास पडते, आणि १६०० सीसीवरील गाडीस, जी १८२ ला पडते. वापरलेल्या गाडीस जकातीतील ही कपात नाही. सवलतीचे दर नव्या गाडीपुरतेच आहेत.

यावरून एक बोध घ्यावा. वर्तमानपत्रात एका कराचा आकडा कमी झाल्याचे वाचून निर्णय करू नये. सर्व कर एकाखाली एक मांडावे, मगच बोलावे.

सभासदांस विनंती

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी गाडी जहाजावर चढण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. गाडी तयार झाल्याची तारीख कोणती? ती तेथे नोंदविली आहे काय? नवेपणीची किंमत किती, आणि त्यातून घट किती मिळेल? सर्व कर व रस्ताकर धरून पडता किती? आणि तीच किंवा तशीच गाडी आपल्याकडे कितीला मिळते? या पाचांची उत्तरे एका कागदावर लिहून घरातील सर्वांसमोर वाचावीत. पाचव्याचे उत्तर पहिल्या चारांचा निकाल बहुधा लावून टाकते.

इतके होऊनही कोणास आणावीशी वाटली तर आमचा विरोध नाही. प्रत्येक वस्तूची किंमत वहीत मावतेच असे नाही. परंतु आठवणीसाठी किती द्यावयाचे हे आधी ठरवून द्यावे. गोदीत उभे राहून, रोजचे डेमरेज मोजत ठरवू नये.

आमच्या पुतण्याने गाडी तेथेच एका केरळी सोबत्यास विकली. विमानतळावर आम्ही त्याला आणावयास गेलो तेव्हा त्याच्या हातात एक हेल्मेट होते. तेच हेल्मेट वडिलांनी मागे बसताना घातले होते, असे त्याने सांगितले. हेल्मेट हे प्रवाशाचे सामानच असल्याने त्यावर कोणी जकात मागितली नाही. सहा महिन्यांनी, पेढीच्या कामाचा जम बसल्यावर, त्याने बेळगावातच तशीच नवी गाडी घेतली; तेथे विकलेल्या गाडीच्या पैशात थोडी भर घातली आणि काम झाले. पहिल्या दिवशी आईस मागे बसवून तो बस्तीस दर्शनाला गेला. आईच्या डोक्यावर तेच हेल्मेट होते.

वहीचे ते पान आम्ही अजून जपून ठेवले आहे. कोणा सभासदास पाहावयाचे असल्यास पेढीवर अवश्य यावे.